आधी ‘टक्’ ऐका

गुहागर-विजापूर रस्त्याचं गुहागरकडचं टोक समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. सुरूच्या बनातून येणारा खारा वारा माणसाला मानवतो, गाडीला नाही. त्यातून गावच्या घरी ठेवलेली जुनी गाडी रस्ता बघते ती गणपतीला नाहीतर शिमग्याला. चाकरमानी येतो, चावी फिरवतो, ब्रेक दाबतो. पण ऑटोमॅटिक गिअरची दांडी ‘पी’वरून हलायचं नाव घेत नाही. ‘गिअरबॉक्स गेला!’ असा निकाल तो अंगणातच देऊन टाकतो. बहुतेक वेळा गिअरबॉक्स बिचारा निर्दोष असतो.

दांडी फक्त निरोप्या. चालकाला काय हवंय ते ती केबलमार्फत कळवते. गिअर बदलतो तो तेलाच्या दाबाने. जनरल मोटर्सने १९३९ साली ओल्ड्समोबिलसाठी आणलेला हायड्रा-मॅटिकही तेलाच्या दाबावरच चाले. आपल्याकडे स्वस्त ऑटोमॅटिकची लाट आली २०१४च्या सेलेरिओपासून. तिच्यात मात्र साधाच गिअरबॉक्स यंत्राकडून हलवला जातो आणि ‘पी’ नसतोच. म्हणून नव्या गाड्यांवर हात बसलेला मेकॅनिकही जुन्या ‘पी’पुढे क्षणभर थबकतो.

या ‘पी’ला दोन कुलपं. एक दांडीखाली: ब्रेक दाबला की ब्रेक लाइटच्या स्विचकडून इशारा जातो, सोलेनॉइड ‘टक्’ करतो, खिट्टी सुटते. दुसरं गिअरबॉक्सच्या पोटात: तिथे लोखंडी दात चक्रात अडकून गाडी धरून ठेवतो.

म्हणून आधी कान द्यायचा. ‘टक्’ आलाच नाही, तर कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाइट लागतो का ते विचारायचं. लागत नसेल तर फ्यूज किंवा पेडलजवळचा स्विच बघायचा. खाऱ्या हवेत त्याचे पॉइंट गंजतात. उभ्या गाडीची बॅटरी उतरली असेल तरीही खिट्टी सुटत नाही. अशा वेळी दांडीशेजारच्या झाकणाखालची खाच कामी येते. पण आधी हँडब्रेक ओढून, पाय ब्रेकवर ठेवून.

‘टक्’ येतो, तरी दांडी जड? मग चाकांना उटी लावून केबलचं गिअरबॉक्सकडचं टोक सोडवायचं. तरीही दांडी जडच राहिली, तर दोष केबलमध्ये किंवा दांडीच्या बैठकीत. बैठकीत कधी कधी मागच्या मे महिन्यात सांडलेलं कोकम सरबत चिकटून बसलेलं असतं! ते पुसून निघतं. गंजलेली केबल मात्र बदलावीच लागते. दांडी उलट सैल फिरत असेल, तर टोकाचं प्लास्टिकचं बुश तुटलेलं असतं.

आणि फक्त उतारावरच अडकत असेल, तर बिघाड गाडीत नाही, सवयीत आहे. सगळा भार त्या एका दातावर पडलेला असतो. गाडी थांबली की ब्रेक दाबलेलाच ठेवून ‘एन’, मग हँडब्रेक, पाय सैल, गाडी स्थिरावली की पुन्हा ब्रेक आणि शेवटी ‘पी’. सड्यावरून किनाऱ्याकडे उतरणाऱ्या या गावात एवढा क्रम हाताला लागला, की दांडी आपसूक मऊ होते.