टीएसएच वाढला, म्हणजे नेमके काय?

ठाणे/प्रतिनिधी : ठाणे असो वा कल्याण-डोंबिवली, लॅबमधून आलेल्या अहवालात ‘टीएसएच’चा आकडा चढा दिसला की ‘थायरॉइड वाढला’ असेच घरोघरी म्हटले जाते. प्रत्यक्षात अर्थ बहुधा नेमका उलट असतो.

गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची अवटू, म्हणजेच थायरॉइड ग्रंथी असते. ही अंतःस्रावी ग्रंथी असल्याने तिला नलिका नसते. तिची टी-३ व टी-४ ही संप्रेरके (हार्मोन्स) थेट रक्तात मिसळतात. शरीरातील ऊर्जेचा वापर, हृदयाची गती आणि बाळाच्या मेंदूची वाढ त्यांवर अवलंबून असते. टीएसएच मात्र थायरॉइडमध्ये तयारच होत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीने थायरॉइडला धाडलेला तो आदेश असतो.

सोसायटीच्या गच्चीवरील टाकीतले पाणी घटले की पंप आपोआप सुरू होतो आणि टाकी भरली की बंद पडतो. तसेच येथे घडते. रक्तातील टी-४ घटले की पीयूषिका टीएसएच वाढवते; पुरेसे झाले की कमी करते. टीएसएच सतत चढाच राहिला, तर आदेश मिळूनही थायरॉइडला काम झेपत नाही, असे समजावे.

थकवा, वजनवाढ, थंडी न सोसणे, बद्धकोष्ठता ही त्याची लक्षणे. लोकलच्या गर्दीतील रोजच्या प्रवासाचा शीण समजून त्यांकडे सहज दुर्लक्ष होते. मुंबईसह देशातील ८ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉइडची ही मंदता आढळली होती.

उपचार म्हणून दिली जाणारी गोळी टी-४ची उणीव भरून काढते. त्यामुळे अहवाल ‘नॉर्मल’ येतो आणि आजार बरा झाला या समजुतीने अनेकदा गोळी परस्पर बंद केली जाते. रक्तातील टी-४ निम्मे होण्यास सुमारे ७ दिवस लागत असल्याने त्रास लगेच जाणवत नाही; टीएसएच मात्र काही आठवड्यांत पुन्हा चढतो. मात्रा बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनीच फेरतपासणी सांगितली जाते, त्याचेही कारण हेच.

गर्भवतींनी तर अधिक दक्ष राहायला हवे. पहिले सुमारे ३ महिने गर्भ आईच्याच थायरॉइड संप्रेरकांवर विसंबून असतो. त्या काळात स्वतःहून बंद केलेल्या गोळीची किंमत बाळाला मोजावी लागू शकते. म्हणूनच गोळी सुरू ठेवायची की थांबवायची, हा निर्णय केवळ अहवाल पाहून घरी न घेता डॉक्टरांवरच सोपवावा.