आधुनिक भाषांची पदवी : कोणी घ्यावी, कशासाठी घ्यावी?

बारावीचा निकाल लागला की पेण आणि रोहे येथील सुशिक्षित घरांतून एक प्रश्न निघतो. मुलीला भाषांची आवड आहे. तेव्हा फ्रेंच, जर्मन किंवा जपानी हा मुख्य विषय घेऊन तिने बी. ए. करावे काय? वडीलमंडळींना पोटापाण्याची धास्ती वाटते, मुलीला दूरदेशाची ओढ असते, आणि वाद वाढत जातो. भाषा येणे आणि भाषेची पदवी घेणे या दोन निरनिराळ्या गोष्टी होत, हे ध्यानी घेतल्यास या वादाचा पुष्कळसा उलगडा होतो.

याच मुलखातील दोन थोर पुरुषांची उदाहरणे या बाबतीत उद्बोधक आहेत. पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेल्या विनोबा भावे यांनी बडोद्याच्या शाळेत फ्रेंच हा विषय घेतला होता. १९१६ साली इंटरमीजिएटच्या परीक्षेसाठी मुंबईस निघाले असता ते वाटेत सुरतेस उतरले व काशीस गेले. पदवीचा मार्ग तेथेच सुटला. परंतु भाषा सुटल्या नाहीत. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले, आणि दक्षिणेकडील भाषांचा अभ्यास त्यांनी तुरुंगात केला. अमुक ग्रंथ मुळातून वाचावयाचा, हा हेतू मनाशी पक्का असल्यावर त्यांना पदवीची गरज भासली नाही.

दुसरे उदाहरण रोह्याचे म्हणून ज्यांचा अभिमानाने उल्लेख होतो त्या चिंतामणराव देशमुखांचे. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे केंब्रिजला मात्र त्यांनी वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर झाले. तरीही कालिदासाच्या ‘मेघदूता’चे मराठीत रूपांतर करण्यास त्यांना सवड सापडली. पदवी एका विषयाची आणि भाषेचा व्यासंग जन्मभराचा, हा दुसरा मार्ग होय.

मग विद्यापीठातील भाषेच्या पदवीचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कुंडलिका नदीच्या मुखाशी सापडते. रोह्यावरून वाहत जाणारी ही नदी रेवदंड्यापाशी समुद्रास मिळते, आणि तेथील खाडीच्या दक्षिण तीरावर कोर्लई हे गाव आहे. चौलवरील पोर्तुगीजांची सत्ता १७४० साली संपली. पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून घडलेली एक बोली अद्यापि घरोघर बोलली जाते. बोलणारे तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. तेथील मुलाला ती आईकडून येते. त्यासाठी त्याला कॉलेजात जावे लागत नाही. परंतु तिच्यातील शब्द पोर्तुगीज असता वाक्याची ठेवण मराठीच्या वळणावर का गेली, दोन भाषा शेजारी नांदल्या म्हणजे तिसरी कशी जन्मते, हे सांगावयास भाषाशास्त्र लागते. या बोलीवर क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाने १९९६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. असले काम करण्याची दृष्टी पदवीच्या अभ्यासक्रमातून मिळू लागते. वाङ्मय, व्याकरण, ध्वनिविचार, त्या समाजाचा इतिहास आणि अनुवाद ही त्या अभ्यासाची खरी अंगे होत.

आता भाषांतर यंत्रे करू लागली आहेत, मग या शिक्षणाचा उपयोग कोणता, ही शंका रास्त आहे. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात ‘आखणी’ म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटणे. शब्दाला शब्द लावणारा त्याचे ‘योजना’ असे भाषांतर करून मोकळा होईल, आणि परदेशच्या गिऱ्हाइकाला काहीच उमजणार नाही. रोह्याजवळील धाटाव येथील रासायनिक कारखान्यांत अशी चूक जिवावर बेतू शकते. यंत्राचा मसुदा तपासून ‘हे बरोबर, हे चूक’ असे जबाबदारीने सांगणारा माणूस लागतोच. परंतु त्याला भाषेबरोबर त्या धंद्याचीही माहिती हवी.

म्हणून केवळ नोकरीसाठी बोलण्यापुरती भाषा हवी असल्यास वाणिज्य, विज्ञान वा परिचर्या यांची पदवी घ्यावी आणि जोडीला भाषेच्या परीक्षा द्याव्यात. युरोपीय भाषांत ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत; जपानीत एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच. पुण्यात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग व मुंबई-पुण्यातील मॅक्समुल्लर भवन येथे असे वर्ग चालतात.

ज्याला भाषेचाच ध्यास आहे त्याने मात्र पदवीला भिऊ नये. शहरातील मुले शाळेपासून फ्रेंच शिकतात, आपले कसे होणार, ही गावाकडील विद्यार्थ्याची भीती बरीचशी अनाठायी आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात परकीय भाषांच्या बी. ए. चा अभ्यास मुळाक्षरांपासून सुरू होतो. प्रवेश देशव्यापी परीक्षेतून मिळतो. हैदराबादेस इंग्रजी व परकीय भाषा यांचे स्वतंत्र विद्यापीठच आहे. शिवाय आधुनिक भाषा म्हणजे परकीय भाषाच, असेही नाही. मराठी, हिंदी, कन्नड, बंगाली याही त्यांतच मोडतात, आणि चांगल्या अनुवादकाचा पाया मातृभाषेवरच उभा राहतो.

निवडीपूर्वी एक साधी कसोटी लावून पाहावी. सहा महिने रोज एक तास हवी ती भाषा शिकावी आणि अखेरीस तिच्यातील एखादी छोटी गोष्ट कोश घेऊन वाचावी. प्रत्येक शब्द धुंडाळताना कंटाळा आला, तर ती भाषा जोडविषय म्हणून ठेवावी. गोष्ट संपल्यावर दुसरी हाती घ्यावीशी वाटली, तर वडीलमंडळींनी तीन-चार वर्षांची फी निःशंकपणे भरावी.