भुयारी गाड्यांचे छायाचित्रकार

पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं किंवा फुलपाखरें जमविणाऱ्या मनुष्यास कोणी वेडा म्हणत नाहीं. परंतु सुटीच्या दिवशीं कॅमेरा घेऊन जमिनीखालच्या फलाटावर उभा राहणारा, एकामागून एक गाड्या सोडून देणारा आणि कोठेंही न जातां घरीं परतणारा मनुष्य पाहिला, तर त्यास काय म्हणावें हें शेजाऱ्यापाजाऱ्यांस सुचत नाहीं. अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरांत असे छंदी लोक पुष्कळ आहेत. विजेच्या रेल्वेचा नाद असणाऱ्या हौशी मंडळींची एक संस्था तेथें १९३४ सालींच निघाली. हा नाद वरवर निरुपयोगी दिसतो. पण त्यानें त्या शहराचें मोठें काम केलें आहे.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजीं सुरू झाली. आज तिचीं ४७२ स्थानकें असून ती रात्रंदिवस धांवते. तिचे मार्ग प्रारंभीं वेगवेगळ्या व्यवस्थांच्या हातीं होते; १९४० सालीं ते सर्व नगराच्या ताब्यांत आले. परंतु जुन्या वांटणीची खूण अद्याप पुसलेली नाहीं. आंकड्यांनीं ओळखल्या जाणाऱ्या मार्गांवरील डबे सुमारें पावणेनऊ फूट रुंद, तर अक्षरांनीं ओळखल्या जाणाऱ्या मार्गांवरील डबे दहा फूट रुंद. रुंद डबा अरुंद बोगद्यांत शिरूंच शकत नाहीं. शिवाय ज्या करारानें डबे विकत घेतले, त्या कराराच्या क्रमांकावरून त्यांच्या जातींस आर-३२, आर-४६ अशीं नांवें पडलेलीं आहेत. पक्षी ओळखणारा जसा चोंच आणि पिसें पाहतो, तसा हा छंदी मनुष्य दारें, खिडक्या आणि छपराचा घाट पाहून डब्याची जात सांगतो.

त्याचें चित्र घेणें मात्र सोपें नाहीं. भुयारांत प्रकाश थोडा, आणि विषय वेगानें पळणारा. अशा प्रकाशांत कॅमेऱ्याची झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्यांत गाडी पुढें सरकते आणि चित्रांत नुसता पुसट पट्टा उमटतो. यावर पहिला उपाय म्हणजे खांबाला खांदा टेकून हात स्थिर ठेवणें आणि फलाटांत शिरलेल्या गाडीचा वेग मंदावला कीं कळ दाबणें. दुसरा उपाय, गाडीच्या वेगाबरोबर कॅमेरा फिरवीत नेणें. मग डबा स्पष्ट येतो आणि मागची भिंत पुसट होते. तिसरा उपाय उजेडांत येण्याचा. नांव भुयारी असलें तरी या रेल्वेचा बराच भाग जमिनीवरून किंवा लोखंडी खांबांवरून जातो. ब्रुकलिनमध्यें गोवानस कालव्यावरील स्मिथ-नाइंथ स्ट्रीट्स हें स्थानक सुमारें ८७ फूट उंच आहे. मॅनहॅटनमध्यें १२५ व्या रस्त्यावर गाडी पोलादी कमानीवरून जाते. सकाळीं ऊन कोणत्या बाजूस पडतें आणि दुपारीं कोणत्या, हें या लोकांस तोंडपाठ असतें.

छंदाला मर्यादाही आहेत. छायाचित्र घेण्यास रेल्वेच्या नियमांनीं मोकळीक आहे. पण तिपाई, दिवे व प्रकाश परतविणारे पडदे वापरण्यास मनाई आहे. झगझगीत प्रकाशानें मोटरमनचे डोळे दिपूं नयेत, म्हणून जाणते लोक समोरून येणाऱ्या गाडीवर प्रकाशझोत टाकीत नाहींत. फलाटाच्या कडेपासून ते दूर उभे राहतात. कारण खालीं सुमारें ६०० व्होल्ट दाबाची वीज वाहणारा तिसरा रूळ असतो.

ही मोकळीकही एकदां जाण्याच्या बेतांत होती. २००१ सालच्या हल्ल्यानंतर शहर धास्तावलेलें होतें. घातपात करणारे चित्रें घेऊन स्थानकांची टेहळणी करतील, या भीतीनें २००४ सालीं छायाचित्रणावर सरसकट बंदी घालण्याची सूचना पुढें आली. छंदी लोकांनीं कॅमेरे घेऊन गाड्यांतून प्रवास करून तिचा निषेध केला. चोरट्यास बंदीचें भय नसतें, आणि तिचा जाच केवळ सरळ मनुष्यास होतो, हें पुष्कळांस पटलें. २००५ सालीं ती सूचना मागें घेण्यांत आली.

बंदी झाली असती, तर काय गमावलें असतें? १९७० नंतरच्या दशकांत तरुण मुलें रात्रीं यार्डांत शिरून डबेच्या डबे रंगवीत. कोणी यास कला म्हटलें, कोणी उपद्रव. १२ मे १९८९ रोजीं असा शेवटचा रंगविलेला डबा सेवेंतून काढण्यांत आला. आज तीं चित्रें पाहावयाचीं तर मार्था कूपर आणि हेन्री चॅल्फंट यांच्या १९८४ सालच्या पुस्तकासारख्या छायाचित्रसंग्रहांतच पाहावीं लागतात. 'रेडबर्ड' नांवाच्या तांबड्या डब्यांची शेवटची फेरी ३ नोव्हेंबर २००३ रोजीं झाली. २००१ ते २०१० या काळांत निकामी झालेले अडीच हजारांहून अधिक डबे माशांना आसरा व्हावा म्हणून समुद्रांत बुडविण्यांत आले. १९६४ सालीं आलेल्या आर-३२ डब्यांनीं ९ जानेवारी २०२२ रोजीं निरोप घेतला. डबा समुद्राच्या तळाशीं गेला. कोणत्या दिवशीं, कोणत्या स्थानकावर, कोणत्या उजेडांत तो उभा होता, हें चित्रांतच राहिलें.

यांतील कसबी लोक म्हणूनच प्रत्येक चित्राबरोबर तारीख, स्थानक आणि डब्याचा क्रमांक टिपून ठेवतात. एवढी नोंद नसेल, तर चित्र कितीही देखणें असलें तरी पन्नास वर्षांनीं त्यावरून कांहीं ठरवितां येत नाहीं. मार्च २०२३ पासून आर-२११ जातीचे नवे डबे त्या रुळांवर धांवूं लागले. पहिल्या दिवसाचें त्यांचें चित्र सगळेच घेतात. पण १९७५ पासून धांवत आलेल्या आर-४६ डब्याचें एखाद्या साध्या मंगळवारचें, ओल्या छत्र्यांनीं आणि कामावरून परतणाऱ्या माणसांनीं भरलेलें चित्र घेण्यास फलाटावर कोणी तरी थांबावें लागतें.