भिजला तरी बेहत्तर!

फोनच वॉटरप्रूफ झालेत, मग पाण्यात चालणारा वेगळा कॅमेरा घ्यायचा कशाला? जुहूच्या खडकांवर पहाटे ओणवं बसून गोगलगायींचे फोटो काढणाऱ्यांना विचारा.

जून लागला की अंधेरी-बोरिवली लोकलमधलं एक दृश्य ठरलेलं. फोन आधी रुमालात, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग सॅकच्या सगळ्यात आतल्या कप्प्यात, डब्याला चिकटून. (डब्यातलं वरण गळलं तर? तो वेगळा विषय.) म्हणजे अंधेरी सबवे भरलाय, आकाश काळंकुट्ट झालंय, बाहेर बघण्यासारखं सगळं सुरू आहे आणि नेमका तेव्हाच आपला कॅमेरा पिशवीत गुंडाळलेला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. उपनगरांतल्या घरोघरी त्या दिवसाच्या गोष्टी आहेत, फोटो मात्र क्वचित.

‘पण माझा फोन आयपी ६८ आहे!’ हे वाक्य आता लगेच येणार. मान्य. यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ८ म्हणजे एक मीटरपेक्षा जास्त खोल पाण्यात, कंपनी सांगेल तितका वेळ, फोन टिकतो. पण ही चाचणी होते गोड्या, स्थिर पाण्यात आणि नव्याकोऱ्या फोनवर. समुद्राचं खारं पाणी, वाळू, वर्षभरात चार वेळा पडून सैल झालेली कड, हे त्यात धरलेलं नसतं. शिवाय बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत पाण्याने झालेलं नुकसान बसतच नाही. आणि टचस्क्रीन? ओली झाली की ती पाण्याच्या थेंबालाही बोट समजते. पाण्याखाली तर शटरचं बटणच सापडत नाही.

इथे ‘रग्ड कॉम्पॅक्ट’ नावाची जमात कामाला येते. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, खिशात मावणारा, आपटला तरी चालणारा आणि कुठलंही वेगळं कव्हर न घालता थेट पाण्यात नेता येणारा कॅमेरा. कल्पना जुनीच आहे. समुद्रसंशोधक झाक कुस्तो यांच्या आग्रहातून १९६१ मध्ये ‘कॅलिप्सो’ हा पाण्यात चालणारा फिल्म कॅमेरा आला. पुढे निकॉनने तो घेतला आणि १९६३ मध्ये ‘निकोनॉस’ म्हणून विकायला काढला. जपानमध्ये कोनिकाने तर चक्क बांधकामाच्या साइटसाठी दणकट कॅमेरा काढला होता. त्याचं नाव ‘गेन्बा कांतोकू’, म्हणजे साइट सुपरवायझर! डिजिटलच्या जमान्यात ऑलिम्पस, पॅनासॉनिक, निकॉन, फुजी, कॅनन असे सगळेच या खेळात उतरले. निकॉनचा डब्ल्यू३०० तर ३० मीटर खोलवर चालायचा. मग फोनने कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा बाजारच खाल्ला आणि एकेक कंपनी बाजूला झाली. आज उरलेत ते मुख्यतः ऑलिम्पसच्या ‘टफ’ मालिकेचे वारसदार आणि रिकोह-पेन्टॅक्सचे डब्ल्यूजी. ऑलिम्पसचा कॅमेरा विभाग जानेवारी २०२१ पासून वेगळ्या कंपनीकडे गेला आणि त्यांचा ताजा टीजी-७ २०२३ मध्ये ‘ओएम सिस्टीम’ या नावाने आला.

या टीजीची कुंडली बघा. १५ मीटर खोल पाणी, २.१ मीटरवरून पडणं, १०० किलोंचा दाब आणि उणे १० अंश थंडी. उणे १० चा मुंबईत काही उपयोग नाही, पण १०० किलोंचा दाब म्हणजे सकाळी ८.४७ ची फास्ट. ती परीक्षा कुठल्याच कंपनीने घेतलेली नसेल! वजन पाव किलोच्या आसपास, फोटो १२ मेगापिक्सेलचे. आकडा छोटा वाटेल. पण या कॅमेऱ्याची खरी ताकद मेगापिक्सेलमध्ये नाही, त्याच्या मायक्रोस्कोप मोडमध्ये आहे. भिंगापासून फक्त एक सेंटिमीटर अंतरावरच्या वस्तूवर तो फोकस करतो, तेही झूम पुढे नेऊन. तांदळाच्या दाण्याएवढा जीव अख्ख्या फ्रेममध्ये भरतो. फोकस सरकवत पटापट फोटो काढून ते एकत्र जोडायची सोयही आतच आहे.

आता हे करायचं कुठे? त्यासाठी मालदीवला जायला नको, अंधेरीहून जुहूला गेलं तरी पुरे. आपल्यासाठी जुहू म्हणजे पाणीपुरी, घोडागाडी आणि गर्दी. पण ओहोटीला पाणी मागे सरलं की तिथले खडक उघडे पडतात आणि खळग्यांत पाणी साचून राहतं. त्यात समुद्रफुलं असतात, दुसऱ्याच्या शंखात संसार मांडलेले खेकडे असतात, झोअँथिडचे हिरवट गालिचे असतात आणि नशिबात असेल तर नुडिब्रँक नावाच्या रंगीत समुद्री गोगलगायी. त्यातल्या कित्येक करंगळीच्या पेराहून लहान. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट २०१७ पासून लोकांना असे किनारे पायी फिरवून दाखवतोय. जुहू, गिरगाव, हाजी अली, वांद्र्याचा कार्टर रोड अशा ठिकाणी. तिथे येणाऱ्यांत शास्त्रज्ञही असतात आणि बारावीची मुलंही.

इथे एक गंमत आहे. कोकण किनाऱ्यावर भरतीचं जुनं गणित चालतं : तिथीला पाऊण पटीने गुणा, साधारण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला, जेव्हा पाणी सगळ्यात लांब मागे जातं, तेव्हा मुंबईत भरती दुपारी बाराच्या आगेमागे आणि ओहोटी पहाटे किंवा तिन्हीसांजेला. खडक सर्वांत जास्त उघडे असतात तेव्हाच उजेड सर्वांत कमी! म्हणूनच या लोकांना टीजीचं एफ २.० चं भिंग महत्त्वाचं वाटतं. ते उजेड जास्त आत घेतं. जोडीला भिंगाभोवती बसणारी छोटी एलईडी रिंग असली तर खळग्यातला जीव न हलवता टिपता येतो. न हलवता हे महत्त्वाचं. फोटोसाठी दगड उलटवलाच, तर तो होता तसा परत ठेवायचा, हा या फिरण्यातला साधा नियम आहे.

हे फोटो नुसते इन्स्टासाठी नाहीत, आणि मला यातली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. ‘आयनॅचरलिस्ट’वर फोटो टाकला की त्याबरोबर तारीख आणि जागा नोंदली जाते, जाणकार त्याची ओळख पटवतात आणि तुमचा फोटो ही एक नोंद बनते. (टीजीमध्ये जीपीएस होतं, टीजी-७ मध्ये ते काढून टाकलंय आणि त्यासाठी फोनच्या ॲपला जोडावं लागतं. हे माझ्या मते पाऊल मागे.) अशा नोंदींना केव्हा किंमत येईल सांगता येत नाही. मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ आहेत, हे कित्येकांना कोस्टल रोडच्या वादातच कळलं. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात वाघाच्या बरोबरीने संरक्षण आहे. २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या किनाऱ्यावरचे प्रवाळ रस्त्याच्या कामासाठी दुसरीकडे हलवावे लागले. जिथे कोणी काही नोंदवलेलंच नाही, तिथे ‘इथे काही नव्हतंच’ म्हणणं फार सोपं असतं.

मुलुंड-घाटकोपरवाल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही, तुमच्याकडे ठाण्याची खाडी आहे. फ्लेमिंगोसाठी मात्र हा कॅमेरा विसरा. चारपट झूममध्ये ते गुलाबी ठिपकेच दिसणार. पण चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, खेकड्यांची बिळं, तिवरांची श्वसनमुळं यांसाठी तो उत्तम. चिखल लागला तर नळाखाली धरायचा, झालं.

खरं पाण्याखालचं शूटिंग करायचं असेल तर मुंबईचा समुद्र कामाचा नाही. हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. त्यासाठी मालवण-तारकर्ली गाठा. तिथेही लक्षात ठेवा, पाणी आधी लाल रंग गिळतं. काही मीटर खाली गेलात की तुमचा लाल टी-शर्टही मातकट दिसतो. कॅमेऱ्यातला अंडरवॉटर मोड हा रंग काहीसा परत आणतो. त्याहून साधा उपाय म्हणजे विषयाच्या जवळ जाणं. फ्लॅश मारला तर पाण्यातले कण चमकून फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं, म्हणून जमेल तिथे तो बंद.

आता खिशाचं बोला. टीजी-७ बाजारात आला तेव्हा त्याची किंमत सुमारे ५५० डॉलर होती, म्हणजे नुसत्या रुपयांच्या हिशेबातच पंचेचाळीस हजारांच्या आसपास. एवढ्यात बरा फोन येतो, आणि रात्रीचे किंवा मित्रांचे चेहऱ्याचे फोटो तो फोनच चांगले काढेल. रग्ड कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा असतो, आत गुंतागुंतीची जादू नसते. त्यामुळे फक्त कॉलेज फेस्ट आणि लोणावळ्यासाठी हा घेऊ नका, पैसे वाया जातील. महिन्यातून एकदा तरी किनाऱ्यावर, खाडीत किंवा पावसाळी ट्रेकला जाणार असाल तर विचार करा, आणि नेचर क्लबच्या चार-पाच जणांनी मिळून घेतला तर फारच उत्तम. जुना घेत असाल तर बॅटरीच्या झाकणाची रबरी पट्टी आधी बघा. ती तडकलेली असेल तर तुमच्या हातात आहे तो साधा कॅमेरा, वॉटरप्रूफ नव्हे.

कारण सगळा खेळ त्या पट्टीवर आहे. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण बसला तरी पाण्याला वाट मिळते. म्हणून चौपाटीवर झाकण उघडायचंच नाही, कार्ड आणि बॅटरी घरूनच बघून निघायचं. परतल्यावर कॅमेरा बंद झाकणाने गोड्या पाण्याच्या बादलीत काही वेळ बुडवून ठेवायचा, म्हणजे बटणांच्या फटीतलं मीठ सुटतं. मग पुसून, सावलीत पूर्ण वाळवून मगच उघडायचा. ही पट्टी वर्षातून एकदा बदलून घ्या, असं कंपनीच सांगते. आणि मुंबईच्या दमटपणात भिंगावर बुरशी धरू नये म्हणून ठेवायच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. बुटांच्या खोक्यात येतात त्याच.

एक मात्र आहे. कॅमेरा वॉटरप्रूफ असतो, आपण नाही. जानेवारी २०१६ मध्ये वांद्र्याच्या बँडस्टँडला सेल्फीच्या नादात समुद्रात पडून एक मुलगी बुडाली आणि त्यानंतर पोलिसांनी शहरात १६ ठिकाणं नो-सेल्फी झोन म्हणून काढली. शेवाळलेल्या खडकांवर चप्पल चालत नाही, पकड असलेले बूट हवेत. जायचं ते पाणी ओसरत असताना, आणि ओहोटीची वेळ गाठली की परत फिरायला लागायचं. डोकं खळग्यात आणि डोळा स्क्रीनला लागलेला असतो, तेव्हा मागून चढणारं पाणी दिसत नाही. म्हणून दोघांनी जा, एकाने फोटो काढावा, दुसऱ्याने समुद्राकडे बघत उभं राहावं. दर दहा मिनिटांनी पाळी बदलायची.