दोन-चार मिलिमीटरचं नवल

कोल्हार गावच्या शिवारात उन्हाळी कांदा काढायला सुरुवात झाली की बाया वाफ्यात उकिडव्या बसतात आणि न उठता तशाच पुढे सरकत जातात. या बैठकीत गुडघा दीडशे अंशांच्या घरात मुडपलेला असतो. मग घराकडे चालताना त्याच गुडघ्यावर दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. साठ किलोच्या बाईचा गुडघा पावलागणिक दीडशे किलोच्या आसपास पेलतो आणि वर्षाकाठी अशी लाखो पावलं पडतात.

हे सगळं ज्यावर चालतं तो थर मोजून दोन-चार मिलिमीटरचा असतो. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथे भेटतं तिथे दोन्हींच्या टोकांवर पांढरी, चकचकीत कूर्चा असते. लोक तिला गादी म्हणतात. तिच्यात सत्तर-ऐंशी टक्के पाणी असतं. कोलॅजनच्या धाग्यांचं घट्ट जाळं ते पाणी धरून ठेवतं. पाय टेकला की दाब आधी या कोंडलेल्या पाण्यावर येतो, त्यातलं थोडं पृष्ठभागावर झिरपतं आणि दोन्ही थर एकमेकांवरून सरकतात. बर्फावर बर्फ घासला तरी होणार नाही इतकं कमी घर्षण इथे होतं. निरोगी गुडघ्यातलं वंगण जेमतेम चमचाभर, बहुधा त्याहूनही कमी असतं. कूर्चेत रक्तवाहिनी नाही की मज्जातंतू नाही. तिचं पोषण त्या वंगणातून होतं आणि हालचाल झाली की ते आत पोहोचतं.

मला सगळ्यात थक्क करते ती हिच्या वयाची गोष्ट. गेल्या शतकाच्या पन्नाशी-साठीत अणुबॉम्बच्या उघड्यावरच्या चाचण्या झाल्या आणि हवेतला कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट झाला. तो पिकांत उतरला आणि पिकांतून माणसांच्या शरीरात. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये गुडघ्यांच्या कूर्चेतलं त्याचं प्रमाण तपासून तिच्या कोलॅजनचं वय काढलं. ते जाळं बालपणी आणि तारुण्याच्या उंबरठ्यापर्यंत विणलं जातं आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही, असं त्यांना आढळलं. कातडी नवी होते, रक्त नवं होतं, हाडसुद्धा हळूहळू स्वतःला बदलत राहतं. पण पासष्टीची बाई ज्या जाळ्यावर उभी असते, ते तिच्या परकरी वयातलं असतं. त्याला ठिगळ लावायची सोय शरीराने ठेवलेली नाही.

मज्जातंतू नसल्यामुळे कूर्चा झिजताना बोंबही मारत नाही. दुखायला लागतं तेव्हा खालचं हाड आणि भोवतालचं आवरण बोलू लागलेलं असतं. आपल्याकडे बहुतेकांची झीज आतल्या बाजूने आधी होते आणि पाय बाहेर बाक धरतात.

इथे माणसाने काय करावं? १८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यविशारदाने हस्तिदंती सांधा बसवून पाहिला. क्षयाने पोखरलेल्या त्या सांध्यांत जंतुसंसर्गाने त्याचा घात केला. खरी वाट सापडली ती इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात, रायटिंग्टनच्या रुग्णालयात, आणि तीही गुडघ्यात नाही तर खुब्यात. तिथले शल्यविशारद जॉन चार्नली यांच्याकडे एक रुग्ण आला. त्याच्या खुब्यात आधी बसवलेला प्लास्टिकचा गोळा वाकताना असा करकरायचा की बायको त्याच्यासोबत जेवायला बसेना. त्या करकरीवरून चार्नली घर्षणाच्या मागे लागले. त्यांनी टेफ्लॉनची वाटी बसवली आणि सुरुवातीला रुग्ण आनंदाने चालू लागले. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याच्या भुकटीने आतलं मांस सुजलं आणि सुमारे तीनशे रुग्णांचं काम वाया गेलं. ही भुकटी शरीरात काय करते हे पाहायला चार्नलींनी टेफ्लॉनचे नमुने स्वतःच्या मांडीत घालून घेतले होते.

१९६२ च्या मे महिन्यात कापडगिरण्यांच्या मागांसाठी प्लास्टिकची दातेरी चाकं विकणारा एक विक्रेता तिथे आला. त्याच्याकडचं पॉलिएथिलीन चार्नलींनी नखाने दाबून पाहिलं आणि निरुपयोगी ठरवलं. त्यांच्या कार्यशाळेतला तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने मात्र, साहेब परदेशी गेलेले असताना, तो तुकडा झीज मोजणाऱ्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जितकं झिजायचं तितकंही हे तीन आठवड्यांत झिजलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते माणसात बसलं. आजही जगभरच्या बहुतेक कृत्रिम खुब्यांत आणि गुडघ्यांत त्याच जातीचं प्लास्टिक असतं. क्रेव्हनचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

खुबा हा गोळा आणि खोबण, म्हणून त्या मानाने सोपा. गुडघा नुसता उघडमिट करत नाही. वाकताना मांडीचं हाड घरंगळतं, घसरतं आणि पाय ताठ होताना शेवटच्या काही अंशांत नडगी किंचित बाहेर वळते. न्यूयॉर्कमध्ये १९७४ मध्ये ज्यांनी आधुनिक कृत्रिम गुडघ्याचा पाया घातला त्यांत जॉन इन्सॉल आणि पीटर वॉकर यांच्यासोबत चित्तरंजन राणावत होते, मध्य प्रदेशात जन्मलेले आणि इंदूरला शिकलेले. पुढे याच राणावतांनी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये बदलला. देशभरच्या वर्तमानपत्रांत ते छापून आलं आणि हे ऑपरेशन घराघरांत बोललं जाऊ लागलं.

'गुडघा बदलला' म्हटलं की सगळा गुडघा कापून काढला असं वाटतं. प्रत्यक्षात झिजलेल्या दाताला कोरून टोपी बसवावी, तसा हा प्रकार आहे. दोन्ही हाडांच्या टोकांचा नऊ-दहा मिलिमीटरचा पापुद्रा तासतात. मांडीच्या हाडाला कोबाल्ट-क्रोमची टोपी, नडगीवर धातूचं ताट आणि मध्ये पॉलिएथिलीनची चकती. घट्ट बसवायला जे अॅक्रिलिकचं सिमेंट वापरतात तेही दंतवैद्यकाच्या जगातूनच आलं. गुडघ्यावरची वाटी तिथेच राहते, फार तर तिची आतली बाजू बदलतात. खुबा, गुडघा आणि घोटा एका रेषेत आणणं आणि दोन्ही बाजूंचे बंध सारखे ताणलेले ठेवणं, यातच शल्यविशारदाचा हात कळतो. रोबोट आले तरी ते हेच मोजतात.

आपल्या लोकांचं जमिनीवर बसणं मात्र परदेशी आराखड्यांत नव्हतं. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय बांधा आणि बैठक डोळ्यांसमोर ठेवून, परवडेल असा 'इंडस' गुडघा तयार केला. तरीही उकिडवं बसू नका, असंच बहुतेक डॉक्टर सांगतात. त्या बैठकीत प्लास्टिकवर येणारा भार फार असतो आणि त्यातून सुटणारे सूक्ष्म कण शरीराच्या भक्षक पेशी गिळतात. त्या चिथावल्या की भोवतालचं हाड विरघळू लागतं आणि सांधा सैल होतो. म्हणजे कांद्याचा वाफा सुटतो, हे कोल्हारच्या बाईला आधीच स्पष्ट सांगायला हवं. एक्स-रे कितीही वाईट दिसो, रात्रीची झोप मोडते का, अंगणापर्यंत जाता येतं का, हे तिला विचारूनच ऑपरेशनचं ठरवावं. जंतुसंसर्गाचा आणि पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा असला तरी खरा आहे.

केंद्राने १६ ऑगस्ट २०१७ रोजी कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींना चाप लावला. कोबाल्ट-क्रोमचा साधा संच सरासरी १,५८,३२४ रुपयांवरून ५४,७२० रुपयांवर आला, कर वेगळा. कोल्हारहून जवळच लोणीला प्रवरा ग्रामीण रुग्णालय आहे, तेव्हा सल्ल्यासाठी मुंबई गाठायलाच हवी असं नाही. आणि टिकाऊपणा? २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के आणि खुब्यांपैकी ५८ टक्के पंचवीस वर्षं टिकतात.

ऑपरेशननंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभं करतात. डोळे मिटूनही तिला पाय किती वाकला आहे ते सांगता येतं, कारण ती जाण धातूच्या भोवतालच्या स्नायूंत, आवरणात आणि कातडीत शाबूत असते. दमलेला असतो तो मांडीचा स्नायू, बहुधा वर्षानुवर्षांच्या दुखण्याने सुकलेला. त्याचे व्यायाम घरी दिवसातून अनेकदा, दुखलं तरी करावे लागतात. वॉकर सुटायला काही आठवडे जातात, आणि नांगरटीच्या ढेकळांवरून चालायला त्याहून बरेच जास्त.