बादलीवरची नक्षी आणि हट्टी जस्त

झाशीच्या सीपरी बाजारात जस्ताचा मुलामा दिलेली नवी बादली घेणाऱ्याने ती क्षणभर उन्हात तिरकी धरावी. करड्या पत्र्यावर काही ठिगळं चमकतात, काही काळवंडतात. यातलं प्रत्येक ठिगळ म्हणजे जस्ताचा एकेक कण, म्हणजेच एक स्फटिक. सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसणारा!

जस्तात अणूंची मांडणी षटकोनी. थर पत्त्यांच्या कॅटासारखे एकमेकांवरून सहज घसरतात, पण मुख्यतः एकाच प्रतलात. त्यामुळे योग्य दिशेने ओढलेला एकच स्फटिक फितीसारखा लांबतो. नेहमीच्या जस्तात मात्र शेजारशेजारचे कण वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले असतात. एक घसरू पाहतो, दुसरा आडवा येतो. म्हणून भरड कणांची ओतीव लादी थंड असताना घाव घातला की फुटते.

तीच १०० ते १५० अंश सेल्सिअसला तापवली, तर लाटता येते. शेफिल्डच्या हॉब्सन आणि सिल्व्हेस्टर यांनी १८०५ मध्ये हीच युक्ती शोधली. लाटताना भरड कण मोडून बारीक होतात आणि पत्रा वाकू लागतो. २०० अंशांच्या पुढे मात्र जस्त पुन्हा ठिसूळ!

घरातल्या जुन्या बादलीचा दुमडलेला काठ भिंगातून बघा. मुलाम्यातल्या बारीक चिरा दिसल्या, तर फोटो जरूर टाका.