सी, डी आणि ई : अक्षरे तीन, डिस्क एकच

पालघर, बोईसर आणि तारापूर एमआयडीसीच्या परिसरात गेमिंगसाठी घेतलेल्या संगणकांबद्दल जे गैरसमज ऐकू येतात, त्यांतला सर्वांत चिवट समज असा की विंडोज सी ड्राइव्हवर आणि गेम, फोटो, कॉलेजचे प्रोजेक्ट डी ड्राइव्हवर ठेवले, म्हणजे सी गेला तरी डी सुरक्षित राहतो. संगणक बोईसरच्या दुकानात असेंबल करून घेतलेला असो वा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी जोडलेला असो, विंडोज टाकताना एकाच डिस्कचे दोन-तीन भाग पाडण्याची रीत सर्रास आढळते, आणि पडद्यावर तीन अक्षरे दिसली की मालक आपल्याकडे तीन ड्राइव्ह आहेत असे धरून चालतो. कितीही वेळा समजावले तरी हा समज पुन्हा डोके वर काढतो, आणि त्याची किंमत लोक वर्षानुवर्षांच्या फायली गमावून मोजतात.

डिस्क म्हणजे कॅबिनेटमध्ये बसवलेले, स्वतःचा कंट्रोलर असलेले प्रत्यक्ष यंत्र. पार्टिशन म्हणजे त्या यंत्रावरील जागेचा कोणता तुकडा कोठे सुरू होतो व कोठे संपतो याची, त्याच यंत्रावर लिहून ठेवलेली नोंद. एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात प्लायवूड उभे करून दोन खोल्या केल्या, तरी आग लागल्यावर दोन्ही खोल्यांतला माल जळतो. तसाच कंट्रोलर बंद पडला की सी आणि डी एकाच क्षणी नाहीसे होतात.

ही रीत मुळात अज्ञानातून आलेली नाही. फॅट16 या जुन्या फाइल-व्यवस्थेत डॉस आणि विंडोज 95 यांना एका पार्टिशनसाठी 2 जीबीची मर्यादा होती, त्यामुळे त्याहून मोठी हार्ड डिस्क घेणाऱ्याला तिचे तुकडे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखीव असल्याने मोजणी सीपासून सुरू झाली. 1996 मध्ये फॅट32 आल्यावर ती सक्ती संपली, पण सवय मात्र पुढच्या पिढीच्या हाती गेली.

याच समजाला जोडून असेही सांगितले जाते की गेम डीवर टाकल्याने सी हलका राहतो आणि मशीन वेगाने चालते. हार्ड डिस्कमध्ये सर्व वाचक-शीर्षे एकाच हालचालीने सरकतात, त्यामुळे विंडोज एका पार्टिशनवर व गेम दुसऱ्यावर असेल तर या शीर्षांना दोन दूरच्या पट्ट्यांत येरझाऱ्या घालाव्या लागतात आणि वेग उलट घटतो. एसएसडीत तर कंट्रोलर सर्व चिपांची झीज सारखी व्हावी म्हणून लेखन सगळीकडे पसरवतो, याला वेअर लेव्हलिंग म्हणतात. तेथे सीची आणि डीची माहिती त्याच चिपांवर मिसळून बसलेली असते. सी पार्टिशन काठोकाठ भरले तर विंडोजला अपडेट आणि तात्पुरत्या फायलींसाठी जागा उरत नाही हे खरे, पण लहान सी पार्टिशन पाडूनच ती वेळ लवकर ओढवून घेतली जाते.

या समजात सत्याचा एक अंश आहे आणि तो मान्य केला पाहिजे. विंडोज बिघडल्यावर फक्त सी फॉरमॅट केला तर डीवरच्या फायली राहतात, आणि स्टीमला जुने लायब्ररी फोल्डर दाखवले की गेम पुन्हा उतरवावे लागत नाहीत. 'बाल्डर्स गेट 3' हा गेम 150 जीबी जागा मागतो. तेवढे डाउनलोड दिवसाला 2 जीबीच्या मोबाइल पॅकवर 75 दिवस चालेल, तेव्हा ही सोय लहान नव्हे. परंतु नेमकी येथेच सर्वांत मोठी फसगत होते, कारण गेम डीवर असला तरी अनेक गेमची प्रगती साठवणाऱ्या सेव्ह फायली सीवरच्या डॉक्युमेंट्स किंवा अ‍ॅपडेटा या फोल्डरांत असतात. स्टीम क्लाउड त्यांची प्रत ठेवते, पण प्रत्येक गेमला ती सोय नसते. परिणामी 'डी सुरक्षित आहे' या भरवशावर सी फॉरमॅट करणाऱ्याकडे पुन्हा फुकट उतरवता येणारा गेम शिल्लक राहतो आणि पुन्हा न मिळणारे शेकडो तासांचे खेळणे पुसले जाते.

डिस्क जाण्याआधी सूचना देईलच, हा भरवसाही टिकत नाही. गूगलच्या संशोधकांनी 2007 मध्ये आपल्या हार्ड डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यात निकामी झालेल्या डिस्कांपैकी 36 टक्क्यांहून अधिक डिस्कांच्या स्मार्ट नोंदींमध्ये, म्हणजे डिस्क स्वतः ठेवत असलेल्या प्रकृतीच्या नोंदींमध्ये, तापमान वगळता बिघाडाचे एकही चिन्ह नव्हते.

आपल्याकडे खरोखर किती डिस्क आहेत हे पाहणे सोपे आहे. स्टार्ट बटणावर राइट-क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर खालच्या भागात डिस्क 0, डिस्क 1 अशा ओळी दिसतात. सी आणि डी एकाच ओळीत असतील तर यंत्र एकच आहे. दोन यंत्रे असतील तर विंडोज आणि सध्या चालू असलेले मोठे गेम एनव्हीएमई एसएसडीवर, आणि जुने गेम व रेकॉर्डिंग हार्ड डिस्कवर, ही मांडणी पुरेशी ठरते. स्टीमच्या स्टोरेज विभागातून गेम एका डिस्कवरून दुसरीकडे हलवता येतो, काढून पुन्हा टाकावा लागत नाही. नव्या डिस्कवर विंडोज टाकताना मात्र जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी, कारण विंडोजचा बूट विभाग कित्येकदा आधीच्या डिस्कवरच राहतो आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही.

उरलेले गैरसमज थोडक्यात निकालात काढता येतात. एसएसडीने फ्रेम रेट वाढत नाही, तो मुख्यतः ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसरवर ठरतो. एसएसडीने लोडिंग लवकर होते, आणि 'स्टारफील्ड'सारखे काही गेम ती आवश्यकच मानतात. एम.2 खाचेत बसणारी प्रत्येक एसएसडी एनव्हीएमई नसते, काही साटा वेगाच्याही असतात. शिवाय अनेक मदरबोर्डांवर एम.2 खाच वापरली की एखादे साटा पोर्ट बंद होते, त्यामुळे 'हार्ड डिस्क दिसत नाही' म्हणून दुकान गाठण्याआधी मदरबोर्डचे मॅन्युअल वाचावे. 1 टीबीच्या डिस्कवर 931 जीबी दिसणे ही फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज 1024 च्या. गेम वारंवार टाकल्याने एसएसडी संपते ही भीतीही अवाजवी आहे: सॅमसंगच्या 870 ईव्हीओ या 1 टीबी एसएसडीची हमी 600 टीबी लेखनापर्यंत आहे, म्हणजे 100 जीबीचा गेम सहा हजार वेळा टाकता येईल.

तारापूरच्या अणुवीज केंद्राशेजारी राहणाऱ्याला वीज जाण्याची चिंता नको, असाही एक समज आहे. 1969 पासून चाललेले हे केंद्र पश्चिम ग्रिडला वीज देते, घरापर्यंतची वीज मात्र महावितरणच्या तारांतून येते आणि पावसाळी वाऱ्यात त्या तारा तुटू शकतात. लेखन चालू असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहू शकते, आणि घरगुती एसएसडींमध्ये अशा वेळी तग धरणारे कपॅसिटर सहसा नसतात. म्हणून यूपीएस ही येथे चैन मानू नये.

डिस्क मॅनेजमेंट आजच उघडून पाहावे, आणि सी व डी एकाच ओळीत दिसल्यास सेव्ह फायली, फोटो व कागदपत्रे एका वेगळ्या यूएसबी डिस्कवर उतरवून ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.